इतिहास परिषदेत निबंध वाचायचाय? सगळं अडतं ते अडीचशे शब्दांच्या गोषवाऱ्यावर

पुणे जिल्ह्यातलं सुपे. तारीख १२ मे १८७५. आसपासच्या गावांतले शेतकरी बाजारपेठेत जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना हव्या होत्या सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे. जी कागदपत्रं हाती लागली ती जाळून टाकली गेली. बघता बघता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत पोहोचलं. इतिहासाच्या पुस्तकांत 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकवतात ते हेच.

आता एक कल्पना करा. दीडशे वर्षांनी त्याच भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर त्या काळातली एका सावकाराची खतावणी सापडते. मोडीत लिहिलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम ती वर्षभर खपून वाचतात. कोणाला किती उधार दिलं, कधी वसूल झालं, सगळं उतरवून काढतात.

मग एका मोठ्या इतिहास परिषदेचं आवाहन त्यांच्या पाहण्यात येतं. त्या प्रस्ताव पाठवतात. महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर येतं : आपला प्रस्ताव स्वीकारता आला नाही, क्षमस्व.

वही खरी. मेहनत खरी. मग अडलं कुठे?

बहुतेक वेळा अडतं ते गोषवाऱ्यात. निवड करणाऱ्यांना ना ती वही दिसते, ना वर्षभराची मेहनत. त्यांच्यासमोर असतात फक्त दोनशे ते तीनशे शब्द. ते कसे लिहायचे हे कॉलेजात फारसं कोणी शिकवत नाही. म्हणूनच हे प्रकरण नेमकं काय असतं, ते समजून घेऊ.

इतिहास परिषदेत होतं काय?

परिषद म्हटलं की हार, शाल, श्रीफळ आणि लांबलचक भाषणं डोळ्यांसमोर येतात. ते सगळं असतंच. पण खरं काम चालतं ते छोट्या खोल्यांतल्या सत्रांमध्ये. एका सत्रात साधारण तीन-चार जण आपले निबंध वाचतात. प्रत्येकाला पंधरा ते वीस मिनिटं मिळतात. एक अध्यक्ष वेळ सांभाळतो. काही ठिकाणी एक भाष्यकार असतो. तो निबंध आधी वाचून आलेला असतो आणि त्यातल्या कच्च्या जागा दाखवतो. मग श्रोत्यांचे प्रश्न.

हे प्रश्न हीच खरी कमाई. 'ही नोंद तुम्ही चुकीची वाचली आहे', 'अशीच वही अमुक दप्तरात आहे, ती बघा', 'हा शब्द त्या काळी वेगळ्या अर्थानं वापरायचे' अशा गोष्टी घरी बसून कळत नाहीत. सोशल मीडियावर टाकलेल्या फोटोला हजार लाइक्स मिळतील, पण त्या हजारांत मोडी वाचणारे आणि कर्जव्यवहाराचा इतिहास जाणणारे किती असतील?

म्हणजे परिषद ही संशोधन तपासून घेण्याची जागा आहे. इथे वाचलेला निबंध पुढे सुधारून नियतकालिकात किंवा पुस्तकात जातो, आणि तिथून कधीतरी पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचतो.

देशातल्या सर्वात मोठ्या परिषदेची सुरुवात पुण्यातली

भारतातल्या इतिहासकारांची सर्वात मोठी संघटना म्हणजे इंडियन हिस्ट्री काँग्रेस. तिचं पहिलं अधिवेशन १९३५ साली पुण्यात झालं. ते भरवलं होतं भारत इतिहास संशोधक मंडळानं. वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाला तेव्हा पंचवीस वर्षं होत होती. दत्तो वामन पोतदार यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. अलाहाबादचे इतिहासकार सर शफाअत अहमद खान अध्यक्ष होते. दुसरं अधिवेशन १९३८ मध्ये अलाहाबादला भरलं आणि पुढे ही परंपरा देशभर फिरत राहिली.

आजही या संघटनेचं अधिवेशन साधारणपणे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दरवेळी वेगळ्या शहरात होतं. निबंध विभागवार वाचले जातात : प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, आधुनिक भारत, भारताबाहेरील देशांचा इतिहास, पुरातत्त्व वगैरे. प्रत्येक विभागाला स्वतंत्र अध्यक्ष असतो. निवडक निबंध अधिवेशनाच्या कार्यवृत्तात छापले जातात. १९३५ पासूनचे हे खंड म्हणजे भारतीय इतिहासलेखन कसं बदलत गेलं याचा एक मोठा साठाच आहे.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. इंडियन हिस्ट्री काँग्रेस वेगळी आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएचआर, वेगळी. पहिली इतिहासकारांची सदस्य-संघटना आहे. दुसरी १९७२ मध्ये स्थापन झालेली, केंद्र सरकारच्या निधीवर चालणारी संस्था आहे. ती संशोधनाला, परिसंवादांना आणि प्रवासाला आर्थिक मदत देते. निबंध वाचायला पहिलीकडे जायचं, अनुदानासाठी दुसरीकडे.

प्रस्तावात मागतात काय?

प्रत्येक परिषदेची पद्धत वेगळी असते. इंडियन हिस्ट्री काँग्रेससारख्या ठिकाणी निबंध पाठवायचा तर आधी सदस्य व्हावं लागतं आणि पूर्ण लिहिलेला निबंध मुदतीत पाठवावा लागतो. याउलट बहुतेक आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये आधी फक्त प्रस्ताव जातो. पूर्ण निबंध निवड झाल्यावर लिहिला तरी चालतो.

प्रस्तावात साधारण चार गोष्टी असतात : निबंधाचं शीर्षक, गोषवारा, लेखकाचा थोडक्यात परिचय आणि प्रोजेक्टरसारख्या काही सोयी लागणार असतील तर त्यांची नोंद. परिचय शंभर-दीडशे शब्दांचा पुरतो. शिक्षण, सध्याचं काम, संशोधनाचा विषय आणि महत्त्वाचं लेखन एवढंच त्यात हवं. मिळालेल्या पुरस्कारांची यादी आणि 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' वगैरे विशेषणं तिथे कोणी वाचत नाही.

बाकी सगळं वजन गोषवाऱ्यावर.

गोषवारा फसतो कुठे?

वरच्या काल्पनिक मॅडमनी पाठवलेला गोषवारा असा असू शकतो :

'भारत हा कृषिप्रधान देश आहे. प्राचीन काळापासून शेतकरी हा समाजाचा कणा राहिला आहे. ब्रिटिश काळात सावकारशाहीमुळे शेतकऱ्यांची अवस्था अत्यंत दयनीय झाली. १८७५ मध्ये दख्खनमध्ये दंगे झाले. प्रस्तुत निबंधात दख्खनच्या दंग्यांची कारणे, स्वरूप व परिणाम यांचा आढावा घेण्यात येईल. तसेच अलीकडे सापडलेल्या एका खतावणीवरही प्रकाश टाकण्यात येईल.'

यात चुकीचं वाक्य एकही नाही. तरीही हा गोषवारा बाजूला पडतो. का?

पहिली तीन वाक्यं वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेली आहेत. 'कारणे, स्वरूप व परिणाम' हे परीक्षेच्या उत्तराचे मथळे झाले, संशोधनाचा प्रश्न नव्हे. 'आढावा घेण्यात येईल' म्हणजे नवीन काही हाती लागलंय की नाही, ते कळत नाही. आणि जी एकमेव नवी गोष्ट आहे, ती खतावणी, ती शेवटच्या वाक्यात 'तसेच' लावून आली आहे. ती कोणत्या वर्षांची, कोणाची, तिच्यात काय आहे, याचा पत्ताच नाही.

थोडक्यात, हा गोषवारा विषय सांगतो. निवड करणाऱ्याला मात्र विषय नको असतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : प्रश्न काय, तो कोणत्या साधनांवरून सोडवला, आणि उत्तर काय निघालं.

तोच विषय, पण वेगळ्या पद्धतीनं

आता त्याच खतावणीवर दुसरा गोषवारा पाहू. यातली वही, आकडे आणि निष्कर्ष काल्पनिक आहेत, पण ज्या वादाचा उल्लेख आहे तो खरा आहे.

'१८७५ च्या दंग्यांनंतर सावकारांनी शेतकऱ्यांना उधार देणं खरोखर थांबवलं का? आणि थांबवलं असेल तर कोणासाठी? रविंदर कुमार यांनी १९६८ मध्ये या दंग्यांकडे रयतवारी व्यवस्थेमुळे गावात झालेल्या सामाजिक बदलांचा परिणाम म्हणून पाहिलं. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये दंग्यांचं महत्त्व अवाजवी वाढवलं गेल्याचं मांडलं. या चर्चेचा मोठा आधार सरकारी अहवाल आणि महसुली कागदपत्रं हा राहिला आहे. प्रस्तुत निबंध एका सावकाराच्या १८७२ ते १८८२ या काळातल्या मोडी खतावणीवर आधारलेला आहे. तिच्यातल्या १४० खात्यांची छाननी केल्यावर दिसतं, की १८७५ नंतर कोरडवाहू जमिनीच्या लहान खातेदारांची उधारी जवळपास बंद झाली, मात्र विहीर-बागायत असणाऱ्यांना कर्ज मिळत राहिलं. फक्त साध्या रोख्याऐवजी जमीन गहाण घेतली जाऊ लागली. एकाच सावकाराच्या वहीवरून सर्व जिल्ह्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण दंग्यांचा परिणाम सर्व शेतकऱ्यांवर सारखा झाला नाही, असा प्रश्न ती उभा करते.'

फरक लगेच दिसतो. पहिल्याच वाक्यात प्रश्न आहे. आधी कोण काय म्हणालं ते दोन वाक्यांत येतं, म्हणजे हा निबंध कोणत्या चर्चेत बसतो ते कळतं. साधन कोणतं, कोणत्या वर्षांचं, किती खात्यांचं, ते स्पष्ट आहे. निष्कर्ष सांगून टाकला आहे. 'निष्कर्ष निबंधातच वाचा' असं म्हणत ताणून धरलेलं नाही. आणि शेवटी मर्यादाही कबूल केली आहे.

मर्यादा सांगितली तर निबंध कमकुवत दिसेल, अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलटं होतं. एका वहीवरून अख्ख्या दख्खनचा इतिहास बदलल्याचा दावा केला, की अनुभवी वाचक तिथेच थांबतो.

काम अजून पूर्ण झालेलं नसेल तर? तेही चालतं. अशा वेळी 'आतापर्यंत इतकी खाती वाचली, त्यातून असं दिसतंय' असं मांडता येतं. न केलेलं काम केलं म्हणून सांगणं मात्र अंगाशी येतं, कारण काही महिन्यांनी तेच लोकांसमोर वाचून दाखवायचं असतं.

नकार येण्याची साधी कारणं

दरवेळी नकाराचा अर्थ संशोधन वाईट आहे असा नसतो. काही कारणं अगदी साधी असतात.

विषय परिषदेच्या सूत्रात बसत नाही. परिषद 'पाणी आणि समाज' या सूत्रावर असेल, तर किल्ल्यांच्या दरवाजांवरचा उत्तम निबंधही बाहेरच राहतो. त्याच किल्ल्यांवरच्या टाक्यांवर लिहिलं असतं, तर तो आत गेला असता.

विषय आवाक्याबाहेरचा असतो. 'मराठ्यांचा इतिहास : एक अभ्यास' हा वीस मिनिटांचा विषय नाही. एका परगण्याचा एका दशकातला जमाखर्च हा आहे.

शब्दमर्यादा पाळलेली नसते. अडीचशे शब्द मागितले असताना सहाशे पाठवले, तर काही ठिकाणी अर्जाची ऑनलाइन खिडकीच उरलेले शब्द कापून टाकते. आणि कापलं जातं ते शेवटचं, म्हणजे नेमका निष्कर्ष.

मुदत टळलेली असते. शेवटच्या रात्री साइट बंद पडणं, फाइल न चढणं हे नेहमीचंच. विदेशातल्या परिषदेची मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हेही बघावं लागतं.

आणि जागा कमी असतात. चांगले प्रस्ताव जास्त आणि सत्रं मोजकी, असं नेहमीच घडतं.

एकट्यानं पाठवायचं की पॅनेल करून?

बऱ्याच मोठ्या परिषदांत दोन मार्ग असतात. एक, आपला एकट्याचा निबंध पाठवणे. दुसरा, तीन-चार जणांनी मिळून संपूर्ण सत्राचा, म्हणजे पॅनेलचा प्रस्ताव देणे.

पॅनेलचं पारडं अनेकदा जड असतं. कारण सुटे निबंध आले की एकमेकांशी जुळणारे तीन शोधून सत्र बांधण्याचं काम आयोजकांवर पडतं. पॅनेलमध्ये ते काम आधीच झालेलं असतं. पण नुसती चार मित्रांची नावं एकत्र केली म्हणजे पॅनेल होत नाही. वरच्या उदाहरणात सावकाराची वही, त्याच काळातले कोर्टाचे खटले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा अशा तीन बाजूंनी तिघांनी 'कर्ज' हा एकच प्रश्न पाहिला, तर ते पॅनेल. सगळे एकाच कॉलेजातले नसतील तर आणखी चांगलं.

ज्यांची फारशी ओळख नाही त्यांनी काय करायचं? आधीच्या वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका बहुतेक परिषदांच्या साइटवर असतात. आपल्या विषयाजवळ काम करणारे कोण आहेत ते त्यात सापडतं. अशा अभ्यासकाला चार ओळींची नीट ईमेल लिहिली, तर उत्तर येण्याची शक्यता बरीच असते.

तयारी कधी सुरू करायची?

आवाहनाचं पत्रक हाती आल्यावर धावपळ करणारे मागे पडतात, कारण मुदती फार आधी असतात. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन ही १८८४ मध्ये स्थापन झालेली संघटना आपलं वार्षिक अधिवेशन जानेवारीच्या सुरुवातीला घेते. त्याच्या प्रस्तावांची मुदत साधारण आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत असते, म्हणजे जवळपास अकरा महिने आधी. दक्षिण आशियावर काम करणाऱ्यांची मोठी परिषद विस्कॉन्सिन विद्यापीठातर्फे मॅडिसनला दर ऑक्टोबरमध्ये भरते. तिचे प्रस्ताव वसंत ऋतूतच गोळा होतात.

तारखा बदलूही शकतात. इंडियन हिस्ट्री काँग्रेसचं २०१८ चं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं. ते झालं फेब्रुवारी २०१९ मध्ये, भोपाळला. त्यामुळे रेल्वेचं तिकीट काढण्याआधी ताजं पत्रक पाहणं बरं.

खर्चाचा हिशेबही आधी करावा लागतो. निबंध स्वीकारला म्हणजे प्रवासखर्च मिळेल असं नाही. उलट सदस्यत्व आणि नोंदणी शुल्क भरावं लागतं. विद्यार्थ्यांना आणि नोकरी नसलेल्या संशोधकांना काही ठिकाणी सवलत असते, पण ती मागावी लागते.

'आंतरराष्ट्रीय' परिषदांचा सापळा

प्राध्यापकांच्या बढतीसाठी परिषदेत निबंध वाचल्याचे गुण धरले जातात. त्यामुळे एक वेगळाच बाजार तयार झाला आहे. ईमेल येते : 'मान्यवर संशोधक, आपल्या निबंधाची आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी निवड झाली आहे.' निबंध पाठवलेलाच नसतो, तरी निवड झालेली असते!

अशा परिषदा ओळखता येतात. इतिहास, व्यवस्थापन, अभियांत्रिकी आणि योगशास्त्र सगळं एकाच दिवशी, एकाच सभागृहात. प्रस्ताव पाठवल्यावर तासाभरात स्वीकार. निवड समितीत इतिहासाचं कोणी नाही. हजर न राहता प्रमाणपत्र हवं तर वेगळं शुल्क. आणि निबंध छापण्याची हमी, तीही न वाचता.

यात फक्त पैसे जात नाहीत. एखादं अस्सल साधन अशा ठिकाणी घाईनं छापलं गेलं, तर ते कोणी तपासत नाही आणि नंतर तोच मजकूर चांगल्या नियतकालिकाकडे पाठवता येत नाही, कारण तो 'आधी प्रसिद्ध झालेला' ठरतो.

निवड झाल्यावर

वीस मिनिटांत साधारण दोन हजार शब्द निवांत वाचून होतात. चाळीस पानांचा निबंध घेऊन उभं राहिलं, की अध्यक्षाची 'दोन मिनिटं उरली' ही चिठ्ठी येते तेव्हा प्रस्तावनाच चालू असते. म्हणून वाचायची प्रत वेगळी आणि छापायची प्रत वेगळी ठेवतात. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्यानं वाचलं की कुठे कापायचं ते आपोआप कळतं. भाष्यकार असेल, तर त्याला निबंध ठरलेल्या तारखेआधी मिळायला हवा.

जाणं जमणार नसेल तर लवकर कळवणं हा साधा शिष्टाचार. न कळवता गैरहजर राहिलं, तर ती जागा वाया जाते आणि दुसऱ्या कोणाची तरी संधीही.

आणि नकार आला तर?

नकार आलेला गोषवारा फेकून द्यायचा नसतो. प्रश्न पहिल्या दोन वाक्यांत आहे का, साधनाचं नाव आणि काळ आहे का, निष्कर्ष आहे का, हे तपासून तो दुसऱ्या परिषदेकडे पाठवता येतो. सुरुवात राज्यपातळीवरच्या परिषदेपासूनही करता येते. तिथे निबंध मराठीत वाचता येतो आणि मोडी जाणणारे, त्या भागाची माहिती असणारे श्रोतेही भेटतात. नावाजलेले अनेक निबंध आधी अशाच छोट्या खोलीत, दहा-पंधरा लोकांसमोर वाचले जातात.

दख्खनच्या दंग्यांबद्दल आज जे माहीत आहे, त्याचा मोठा भाग सरकारनं नेमलेल्या आयोगाच्या अहवालातून आलेला आहे. तो अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. म्हणजे साहेबानं विचारलेले प्रश्न आणि त्याला मिळालेली उत्तरं. सावकाराच्या वहीत काय होतं, ते पुष्कळ ठिकाणी १८७५ मध्येच जळून गेलं. जे वाचलं ते कुठल्या तरी माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या कपाटात पडून असू शकतं. ते वाचणारे लोक महाराष्ट्रात आहेत. त्यांचे प्रस्ताव 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' या वाक्यानं सुरू होऊन परत येत राहिले, तर चर्चा पुन्हा त्या सरकारी अहवालावरच चालू राहील.